दगडाची मागची बाजू

१४ सप्टेंबर, रविवार

एरियल पेणकरला आज मी फोनवर ‘पोरा’ म्हटलं आणि त्याला ते आवडलं नाही. पन्नाशी उलटली आहे त्याची. दफनभूमी समितीचा चिटणीस आहे. टोरांटोत आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूठभर, त्यात त्याला मान आहे. पण त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी अलिबागेत खाल्ल्या आहेत, तेव्हा मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

ही वही लिआनं आणून दिली. माझी मुलगी. डॉक्टरांनी तिला सांगितलं म्हणे, आईला मनात येईल ते लिहू द्या. माझ्या मनात सध्या एरियल पेणकर येतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

झालं ते असं. ह्यांच्या कबरीवर दगड बसवायचा आहे. वर्षाच्या आत बसवायची आपली रीत, आणि इथे जमीन गोठायच्या आत. दगडवाला एक इटालियन म्हातारा आहे, तो नोव्हेंबरच्या मध्यानंतर पाया खणत नाही. दगड वसंतातच लिआनं निवडला, तेव्हापासून त्याच्या आवारात कोरा उभा आहे. मी ठरवलंय की त्या दगडाच्या मागच्या बाजूला माझ्या आजोबांचं नाव कोरायचं. ज्यांना कुठेच कबर नाही अशांची नावं नातलगांच्या दगडावर कोरतात. आमच्या दफनभूमीत युरोपातून आलेल्या लोकांच्या कितीतरी दगडांवर आहेत. मग माझ्या आजोबांचं का नको?

एरियल म्हणाला नावाला हरकत नाही, मराठीत कोरलंत तरी बघू, पण डेट ऑफ डेथ लागेल. तारखेशिवाय समिती मजकूर पास करत नाही, कारण दर वर्षी हश्काबा कोणत्या दिवशी म्हणायची ते ठरवायला तारीख लागते. मृताच्या नावानं प्रार्थना म्हणायची तर मृत कधी झाला ते नको का?

तिथेच तर सगळी गोम आहे. फोन ठेवताना माझ्या बांगड्या रिसीव्हरवर आपटल्या. त्याला वाटलं असेल, आंटीनं आपटला.

२१ सप्टेंबर

उद्या संध्याकाळपासून आमचं नवं वर्ष. लिआ सफरचंदं आणि मध घेऊन आली, ह्यांचे विंटर बूट दारातून उचलून क्लोजेटमध्ये ठेवायला लागली. मी म्हटलं राहू दे, बर्फ पडायला लागला की परत कोण काढणार. तिनं ते परत खाली ठेवले. बूट होते तिथेच आहेत.

आजोबांचं लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातली गर्दी कमी होईल.

नेहेम्या झिराडकर, मराठा पलटणीत हवालदार. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे, टेसिफॉन नावाच्या ठिकाणी मोठी लढाई झाली, तिथून ते परत आले नाहीत. बय, म्हणजे माझी आजी हन्ना, तेव्हा एकोणीस वर्षांची. माझे बाबा तिच्या पोटात होते. सरकारी कागद आला, त्यात लिहिलं होतं की बेपत्ता, बहुधा ठार. कागद तालुक्याच्या मास्तरांनी वाचून दाखवला. बयनं विचारलं, बहुधा म्हणजे काय? मास्तर म्हणाले, म्हणजे असेल किंवा नसेल. बय म्हणाली, मग जाऊ द्या, बहुधा विधवा असं काही नसतं.

लढाई संपून तीन-चार वर्षांनी त्यांच्या पलटणीतला धाकू शेडगे पायानं अधू होऊन गावी आला. आमच्या पंचांनी त्याला सिनेगॉगच्या ओट्यावर बसवून विचारलं. धर्माची अट अशी की नवरा मेला हे पाहिलेला साक्षीदार पाहिजे, नाहीतर बायको विधवा नाही, तिला कुणाशी लग्नही करता येत नाही. धाकूनं सांगितलं की हवालदार पाणी आणायला वाकून पुढे गेला. मग तोफेचा गोळा पडला. धूळ बसल्यावर मी गेलो. पंच म्हणाले, मेलेला पाहिलास? धाकू म्हणाला, “मी खड्डा पाहिला.”

पंचांनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. एका ‘होय’नं बय मोकळी झाली असती. नागावचा एक बिजवर, चांगला माणूस, तिच्यासाठी चार वर्षं थांबला होता. पण धाकू इमानी होता, जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणेना. आणि खड्डा काही साक्ष देत नाही.

मला लहानपणी वाटायचं की लढाई म्हणजे दोन माणसं समोरासमोर. एकानं दुसऱ्याला मारलं तर निदान मारणाऱ्याला तरी माहीत असतं. ही लढाई वेगळी होती. गोळा कित्येक मैलांवरून आला. सोडणाऱ्यानं पाहिलं नाही, ज्याच्यावर पडला त्यानं पाहिलं नाही, शेजारच्यानं पाहिला तो खड्डा. कारखान्यात ओतलेल्या एका लोखंडी डब्यानं माणूस तर नेलाच, वर त्याच्या मरणाचा साक्षीदारही नेला. आणि एक बाई आयुष्यभर अधांतरी राहिली.

बयनं हातातल्या हिरव्या बांगड्या आणि गळ्यातलं मंगळसूत्र तसंच ठेवलं. मलिद्याच्या विधीत एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषितापुढे गोड पोह्यांचं ताट आलं की नेहेम्याचा वाटा निघायचा, जिवंतांच्या वाट्यात. आम्ही नातवंडांनी तो खाल्ला आहे. फार गोड लागायचा.

५ ऑक्टोबर

समितीची बैठक. सिनेगॉगच्या बेसमेंटमध्ये, जिथे हीटर चालू केला की बोललेलं ऐकू येत नाही आणि बंद केला की पाय गारठतात. पद्मजानं गाडीतून नेलं. शेजारच्या काँडोतली, मूळची नागपूरची, रिटायर्ड इंजिनीअर. ह्यांच्या आजारपणात हॉस्पिटलला नेणं-आणणं तिनंच केलं. ती बाहेर कॉफी घेऊन बसली.

समितीचे चार जण होते, पण बोलला एरियलच. त्यानं तीन पर्याय आणले होते, तिन्ही इंग्रजीत. एकात तारखेच्या जागी ‘अननोन’, एकात ‘मिसिंग’, तिसऱ्यात नुसती रेघ. मी विचारलं, हे तिन्ही बयला सरकारनं शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालंय, तू नवीन काय आणलंस? तो म्हणाला, “आंटी, आय अ‍ॅम ट्राइंग टु हेल्प. तुम्ही मला काहीतरी डेट द्या, कुठलीतरी ज्याला बेस आहे. मी पास करून घेतो.”

मुलगा वाईट नाही. चेहऱ्यावर दमणूक दिसते.

सिनेगॉगातल्या दिनाआंटी चहा घेऊन आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. कप देताना माझ्या हाताकडे बघत राहिल्या. डिसेंबरपासून त्या असंच बघतात. अजून बोललेल्या नाहीत, पण बोलतील. थंडीत बोटं सुजतात माझी, बांगड्या निघत नाहीत, एवढं साधं आहे.

६ ऑक्टोबर

झोप आली नाही. दगडवाल्याच्या ऑफिसातून मेसेज होता, मजकूर कधी देणार. उत्तर दिलं नाही. एरियलचं मिटल्याशिवाय काय देणार?

१९ ऑक्टोबर

ऑरेनचा बर्नाबीहून फोन. माझा मुलगा, युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. त्याला वाटतं, जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर असतं आणि आई उगीच भांडत बसते. आठवडाभर शोधत होता. टेसिफॉनची लढाई २२ नोव्हेंबर १९१५ ला सुरू झाली. मराठा पलटणींची फार माणसं पहिल्याच दिवशी पडली. म्हणाला, “ममा, यूज दॅट. ट्वेंटी-सेकंड नोव्हेंबर. इट्स डॉक्युमेंटेड.”

मग त्यानं बाकीचंही वाचून दाखवलं, मी थांबवलं नाही. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत एकावर एक टाकून नदीपर्यंत नेलं. काहींनी धक्के सोसवेनात म्हणून गाडीतून उड्या टाकल्या. तिथून पडावांत, मोठ्या होड्यांत, भरून बसऱ्याला. जखमा बांधायला माणसं नव्हती, तोफा मात्र वेळेवर पोचल्या होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं आहेत, हिंदी शिपायांचा नुसता आकडा आहे. ऑरेननं वाचणं अर्ध्यावर सोडलं. म्हणाला, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, तुला शाळेत सैनिकांच्या आठवणीसाठी पॉपीचं लाल फूल लावायला सांगत होते, तेव्हा तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

रागानं अंग तापलं. बरं वाटलं. ह्या वर्षात पहिल्यांदा भूक लागून जेवले.

एरियलला २२ नोव्हेंबर सांगितली. लगेच म्हणाला, “परफेक्ट, आंटी.”

२६ ऑक्टोबर

त्याला परत फोन केला आणि ती तारीख मागे घेतली.

लिआ इथेच होती, तिनं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, मॉम, का? मी तिला सांगायचा प्रयत्न केला. दगडावर २२ नोव्हेंबर १९१५ कोरलं म्हणजे बय एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली असं ठरतं. मग त्यानंतरच्या सगळ्या बांगड्या खोट्या. मलिद्याचा वाटा खोटा. नागावच्या माणसाला पाठवलेला नकार खोटा. बावन्न वर्षं ती रोज सकाळी उठून एका गैरसमजात जगली, आणि नात म्हणून मी ते दगडावर कोरून त्याच्यावर शिक्का मारायचा? सरकारला जे ठामपणे सांगता आलं नाही ते मी का सांगू?

लिआ ऐकत होती, पण तिचे डोळे भरले. बयसाठी नव्हते भरले, एवढं मला कळतं.

ती म्हणाली, “आणि बाबा? बाबांचं काय, मॉम? दगड कोरा उभाय. मी दर शुक्रवारी ऑफिसमधून दफनभूमीत जाते आणि नंबरचा खुंटा बघून त्यांना शोधते. कसलं भांडण करतेयस तू, आणि कुणाशी?”

मी म्हटलं, बाबांचं काय, बाबांचं होईलच, त्यात भांडण काय आहे. आधी अवघड काम, मग सोपं. ती कोट घालून निघून गेली. दारात ह्यांच्या बुटांना अडखळली.

पोरीला धीर नाही. बापावर गेली आहे.

३० ऑक्टोबर

आज भांडी घासताना सुचलं.

बय गेली ते साल १९६८. पेसाहच्या सणाआधीचा आठवडा, घराची साफसफाई चालली होती. शुक्रवार होता, ५ एप्रिल. मी सोळा वर्षांची. न्हाऊ घालायला बायका आल्या, त्यात त्यांच्यातली मोठी म्हणाली की आधी हिच्या बांगड्या फोडा, विधवाच होती ती, सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझी आई कधी कुणाला उलट बोलत नसे. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “साक्षीदार आणा.”

बायका थबकल्या. आईनं स्वतः साबण लावून एकेक बांगडी अखंड काढली. त्यातल्या दोन आज माझ्याकडे आहेत, स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून. अलिबाग, मुंबई, टोरांटो आणि इथले चार भाड्याचे बेसमेंट पार करून आल्या आहेत.

म्हणजे त्या शुक्रवारी सकाळपर्यंत नेहेम्या झिराडकर जिवंत होते. आमच्या घरात तरी होते. त्यांची बायको सवाष्ण होती, त्यांचा वाटा निघत होता, जिवंतांच्या आशीर्वादात त्यांचं नाव होतं. बयनंतर कुणी वाटा काढला नाही. बाबांनीही नाही, त्यांनी तर वडील पाहिलेच नव्हते. बय गेली आणि त्यांना जिवंत ठेवणारं कुणी उरलं नाही. ते त्याच दिवशी गेले.

५ एप्रिल १९६८. हीच ती तारीख.

ह्यांना हाक मारणार होते सांगायला.

२ नोव्हेंबर

एरियलच्या घरी गेले. बायकोनं चहा आणि चिरोटे दिले, मग आम्ही दोघंच. मी तारीख सांगितली. तो कागदावर आकडेमोड करत राहिला. म्हणाला, आंटी, तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असते. मी म्हटलं असते. तो म्हणाला, लोक विचारतील, नाइन्टीन फिफ्टीनच्या बॅटलमध्ये बेपत्ता झालेला माणूस सिक्स्टी-एटला कसा वारला. मी म्हटलं, विचारू देत. त्यासाठीच तर कोरायचं. दगडापुढून जाणारा माणूस हे गणित करायला थांबला तर त्याला कळेल की तोफेचा एक गोळा किती वर्षं फुटत राहतो.

एरियलनं चष्मा काढला. “आंटी, आय कॅनॉट. मला पर्सनली… पण समितीपुढे मी काय सांगू? ही डेट खरी नाही.”

“मग साक्षीदार आण,” मी म्हटलं. “ते त्याआधी मेले असं पाहिलेला एक माणूस आण. आमच्या पंचांना मिळाला नाही, सरकारला मिळाला नाही. तुला मिळाला तर मी तुझी तारीख घालते.”

त्यानं आकडेमोडीचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाला, समितीची पुढची बैठक डिसेंबरात आहे. डिसेंबरात जमीन दगड झालेली असते, हे त्यालाही ठाऊक आहे.

४ नोव्हेंबर

समितीला विचारलं नाही. पद्मजाला घेऊन थेट दगडवाल्याकडे गेले. ती वाटेत म्हणाली, “काहून एवढा ताण घेता जी? त्यांनी दगड काढून टाकायला लावला तर?” मी म्हटलं, काढायला आधी दहा माणसं लागतील, आणि आमच्यात प्रार्थनेपुरती दहा माणसं जमवायलाही काय कष्ट पडतात ते तुला माहीत नाही. ती इतकी हसली की एक्झिट चुकली.

म्हाताऱ्याला मजकूर लिहून दिला. मराठीत नाव, गाव, पलटण, बेपत्ता झाल्याचं साल, तारीख, आणि खाली इंग्रजीत अर्थ. त्यानं प्रत्येक अक्षर बोटानं गिरवलं. वरची रेघ एकसंध हवी, मध्ये तुटायला नको, हे त्याला कागदावर तीनदा काढून दाखवलं. समितीची मंजुरी आहे का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं की माझं वय त्र्याहत्तर आहे. त्यावर त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण तारखेवर त्याचं बोट थांबलं. त्याला पलटण आणि १९१५ कळलं होतं, मग हे १९६८ काय? मी म्हटलं, घरी उशिरा कळलं.

त्यानं मान हलवली आणि पेन्सिल कानामागे ठेवली.

जिंकल्यासारखं वाटलं. येताना पद्मजाला टिम हॉर्टन्समध्ये कॉफी पाजली.

९ नोव्हेंबर

पहिला बर्फ, ह्या वर्षी फार लवकर. बिल्डिंगचा माणूस शोव्हल करत होता. ह्यांना कौतुक होतं बर्फाचं, पहिल्या बर्फाला खिडकीशी उभे राहून चहा घ्यायचे. बूट दारातच होते म्हणून बरं, असं मनात आलं. मग कुणासाठी बरं, ते आठवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रोसरी घ्यायला गेले होते. अकरा वाजता स्पीकरवर बाई म्हणाली, लढायांत पडलेल्या सैनिकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहा. सगळे ट्रॉलीपाशी उभे राहिले. कॅशवरचा मुलगा, हातात ब्रेड घेतलेली एक सरदारणी, मी. कोटाला पॉपी लावली होती मीही.

दोन मिनिटं. बयनं बावन्न वर्षं दिली. आणि तिच्यासारख्या कितीजणी असतील, कोकणात, पंजाबात, इथल्या सस्कॅचेवानच्या गव्हाच्या शेतांत, तुर्कस्तानातसुद्धा, ज्यांना ‘बहुधा’ लिहिलेला कागद आला. त्यांच्यासाठी कुठे भोंगा वाजत नाही. मला इतकी चीड आली की दोन मिनिटं संपायच्या आधीच मी ट्रॉली ढकलली. चाक कुरकुरलं. सगळ्यांनी पाहिलं. बघू देत.

घरी येते तर दगडवाल्याचा फोन. मागची बाजू झाली, फोटो पाठवलाय, रेघ कुठे तुटलेली नाही. मी म्हटलं, मग बसवा. तो म्हणाला, मॅडम, पुढची बाजू कोरी आहे. तुम्ही मला पुढचं काहीच दिलेलं नाही.

मी म्हटलं, तुम्ही विसरला असाल. तो म्हणाला, नाही मॅडम.

त्याचा आवाज फार मऊ होता. माझ्या बाबतीत लोक इतके मऊ का बोलतात हल्ली?

१२ नोव्हेंबर

सकाळपासून कागद पुढे घेऊन बसले.

सॅमसन हायम झिराडकर. पहिल्यांदाच लिहिलं मी ह्यांचं नाव. बांगड्या कागदावर वाजत होत्या.

लग्नात आमच्या दोघांचं आडनाव एकच, लोक हसले होते, म्हणाले बरं झालं, मुलीची वही बदलायला नको.

मग तारीख. ९ डिसेंबर २०२४. हिच्यात बहुधा नाही. पहाटे मी त्यांचा हात धरून बसले होते. श्वास आला, मग एक आला, मग पुढचा आला नाही. मी वाट पाहिली. नर्स आली, तिनंही पाहिली. मी पाहिलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

बयनं जे आयुष्यभर मागितलं ते मला मिळालं, आणि मी ते अकरा महिने क्लोजेटच्या बाहेर ठेवून त्याला अडखळत राहिले.

कागद दगडवाल्याला पाठवला. त्यानं म्हटलं की एक आठवडा जास्त देतो, बर्फ वितळलाय, जमीन आत अजून मऊ आहे. मग लिआला फोन केला. सांगितलं, पुढची बाजू दिली. ती रडली. मीही रडले, आणि मग तिला ओरडले की ऑफिसात रडतेस, लोक काय म्हणतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज दगड उघडला.

वारा होता, पण ऊन पडलं होतं. ऑरेन काल रात्रीच्या विमानानं आला. दहाच्या जागी चौदा माणसं जमली, पद्मजा धरून पंधरा. लिआनं कापड काढलं. पुढची बाजू मराठीत आणि हिब्रूत. तिनं नावावरून हात फिरवला आणि हात तिथेच ठेवला. नंबरचा खुंटा दगडवाल्यानं उपटून बाजूला टाकला होता, ऑरेननं तो खिशात घातला.

एरियलनं ह्यांच्यासाठी हश्काबा म्हटली. चांगला आवाज आहे त्याचा. मग पुस्तक मिटणार, तेवढ्यात मी म्हटलं, मागे ये.

सगळे माझ्यामागून वळसा घालून आले. एरियलनं वाचलं. नेहेम्या झिराडकर, मु. झिराड, हवालदार, मराठा पलटण. टेसिफॉनच्या लढाईत बेपत्ता, १९१५. मृत्यू ५ एप्रिल १९६८. त्यानं दोनदा वाचलं. त्याचे कान लाल झाले. समितीचे दोघं त्याच्याकडे बघत होते. त्याला म्हणता आलं असतं की हा मजकूर पास नाही, ही प्रार्थना मी म्हणणार नाही. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला इथे पूर्ण येत नाही. माझं सगळं बोलून झालं होतं.

एरियलनं पुस्तक पुन्हा उघडलं. नेहेम्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आणि तारखेच्या जागी आला तेव्हा मोठ्यानं, मागे उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, पाच एप्रिल एकोणीसशे अडुसष्ट. एकशे दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आजोबांना मेलेले म्हटलं, आणि तेही आम्ही सांगितलेल्या दिवशी. ऑरेननं माझा दंड धरला होता. आमेन म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग दिनाआंटी पुढे आल्या. मला ठाऊक होतं त्या येणार. हळूच म्हणाल्या, वर्ष होत आलं, आता तरी ह्या उतरव, की मी मदत करू?

मी म्हटलं, आंटी, कुणी हात लावायचा नाही. हातमोजे काढले. थंडीनं बोटं उलट बारीक झाली होती, सूजबीज काही नव्हती. एकेक बांगडी काढली, अखंड, आणि लिआच्या हातात दिली. फोडायच्या नाहीत, असं तिला सांगितलं. मला कुणी विधवा केलेलं नाही. मी साक्ष दिली, एवढंच.

पुढच्या बाजूला सगळ्यांनी आमच्या रीतीप्रमाणे खडे ठेवले. मागच्या बाजूला मी डब्यातली बयची एक बांगडी दगडाच्या माथ्यावर ठेवली. दुसरी लिआसाठी राहू दे. एरियल म्हणाला, “आंटी, केअरटेकर खडे सोडून बाकी सगळं उचलतो. पॉलिसी आहे.” मी म्हटलं, उचलू दे, आणि त्याला माझा फोन नंबर दे. एरियल हसला. आज पहिल्यांदा.

रात्र झाली. ऑरेन झोपलाय. मी बूट क्लोजेटमध्ये ठेवले. भांडी घासली, हाताचा काही आवाज आला नाही, म्हणून नळ जरा मोठा सोडला. मनगट फार हलकं लागतं. सवय होईल. बयला ती करून घेता आली नाही, कारण तिला सांगायला कुणी तिथं नव्हतं.

मी तिथं होते.